मॉरिस मायनर विकणे आहे

विकायची गाडी दाखवताना माणसं आधी बॉनेट उघडतात, नाहीतर रंगावरून फडकं फिरवतात. डॉक्टरकाकांनी गॅरेजच्या फरशीवर एक मोठा पुठ्ठा अंथरला, माझ्या हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, "आधी खालून बघ. वरून सगळ्याच छान दिसतात."

हे घर ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागातलं. गाडी १९६६ सालची मॉरिस मायनर १०००, दोन दारांची, फिकट हिरवी. कंपनीच्या यादीत या रंगाचं नाव आमंड ग्रीन. नंबरच्या शेवटी 'डी' हे अक्षर आहे, त्यावरून इथे कुणीही सांगतो की गाडीची नोंदणी १९६६ची. काकांकडे ती १९७८पासून आहे. मूळचे मिरजेचे, १९७४मध्ये इथल्या सरकारी आरोग्यसेवेत आलेले काका आता निवृत्त आहेत. वयाची सत्तरी ओलांडल्यावर इथे दर तीन वर्षांनी लायसन्सचं नूतनीकरण करावं लागतं. या खेपेला ते झालंही. पण क्लचचा डावा गुडघा मात्र आता साथ देत नाही. म्हणून गाडी विकायची.

'हातातून हातात' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा मला शेती, सोनं, घराणी असल्या मोठ्या गोष्टी सुचत होत्या. त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला, "अगं, तुझे काका मायनरची जाहिरात लिहून बसलेत, पण देत नाहीयेत. तू ये जरा." मग मी आधी तिथेच गेले, आणि पुढेही जात राहिले.

गाडीच्या पोटाखाली

पुठ्ठ्यावर आडवं झाल्यावर पहिल्यांदा दिसतात त्या दोन लांब सळया. पुढच्या चाकांपासून निघून त्या मागे गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीपर्यंत जातात. या टॉर्शन बार. पुढच्या चाकांना ना पाटे, ना गुंडाळीची स्प्रिंग. चाक वर उचललं गेलं की सळई पिळली जाते आणि पीळ सुटताना चाक जागेवर येतं. सगळा ताण जातो त्या आडव्या पट्टीवर. ती गंजली, तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, गाडी पुढून बसणारच. काकांनी तिच्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटून दाखवली. टणक आवाज आला. "हा आवाज विकत घ्यायचा," ते म्हणाले.

मायनरला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. दाराखालच्या पेट्या, फरशीचा पत्रा, मागच्या पाट्यांच्या हुकांभोवतीची जागा, हे सगळं मिळून गाडीला उभं धरतं. इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकतात. ते मीठ चाकांनी उडून नेमकं याच कोपऱ्यांत बसतं. त्यामुळे इथली जुनी गाडी इंजिनाने क्वचितच मरते, पत्र्याने मरते.

पुढच्या चाकाजवळ काकांनी टॉर्च धरला. तिथे एक उभा, वर आणि खाली आटे पाडलेला खुंटा आहे. स्टिअरिंग फिरवलं की तो या आट्यांत फिरतो. साधारण दर हजार मैलांनी त्यात ग्रीस मारावं लागतं, तेही गाडी जॅकवर उचलून, चाकावरचं वजन काढून. नाहीतर ग्रीस आट्यांत शिरत नाही. हे केलं नाही तर खालचे आटे झिजून जातात आणि एक दिवस, बहुतेक गाडी सावकाश वळवताना, खुंटा निसटतो आणि पुढचं चाक मडगार्डाखाली आडवं होतं. मायनरचा हा सर्वांत कुप्रसिद्ध दोष आहे आणि तो ग्रीसगनने टळतो. काकांच्या वहीत प्रत्येक ग्रीसची तारीख आणि मैल लिहिलेले आहेत. वैद्यकीय नोंदी लिहिण्याची सवय असलेल्या माणसाचं अक्षर, पण वाचता येणारं.

"मिरज स्टेशनाबाहेर अ‍ॅम्बॅसडर उभ्या असायच्या," काका सांगत होते. "इथे पहिल्यांदा मायनरखाली शिरलो तेव्हा वाटलं, अरे, हे आपल्या ओळखीचं आहे!" ते खरंच आहे. अ‍ॅम्बॅसडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, मायनरची थोरली बहीण. तिच्याही पुढच्या चाकांना टॉर्शन बारच होते, स्टिअरिंगही याच जातीचं, रॅक-पिनियन. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती २०१४पर्यंत निघत राहिली. खुद्द मायनरही त्याच हिंदुस्तान मोटर्सने काही काळ 'बेबी हिंदुस्थान' या नावाने विकली होती.

चार इंच

काकांच्या घरापासून काउली फार लांब नाही. विल्यम मॉरिस या ऑक्सफर्डच्या सायकल दुरुस्त करणाऱ्या तरुणाने १९१३मध्ये तिथे मोटारी बनवायला सुरुवात केली आणि पुढे तो लॉर्ड नफिल्ड झाला. त्याच्या कारखान्याच्या जागेवर आता कार्यालयांच्या इमारती आहेत. शेजारच्या भागात मात्र अजून गाड्या बनतात. बीएमडब्ल्यूच्या मालकीची मिनी तिथूनच बाहेर पडते.

मिनी आणि मायनर, दोन्ही अ‍ॅलेक इसिगोनिस या एकाच माणसाच्या डोक्यातून आलेल्या. स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर, हे त्याचं जन्मगाव. दुसरं महायुद्ध चालू असतानाच त्याने मायनरचे आराखडे सुरू केले होते. तेव्हाच्या लहान गाड्या म्हणजे मोठ्या गाड्यांची आखूड, अंग चोरलेली रूपं असत. इसिगोनिसला लहान गाडीत मोठ्या गाडीसारखी सरळ चाल आणि निर्धास्त वळण हवं होतं. त्यासाठी त्याने चाकं चार कोपऱ्यांना नेली आणि इंजिन पुढे सरकवलं.

उत्पादन अगदी तोंडावर आलं तेव्हा त्याला गाडी अरुंद वाटू लागली. त्याने नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली आणि दोन अर्धी अंगं नजरेला पटेपर्यंत एकमेकांपासून दूर सरकवायला सांगितली. चार इंचांवर त्याचं समाधान झालं. बंपर आधीच तयार होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मधे कापून चार इंचांचा तुकडा जोडावा लागला. बॉनेटच्या मधोमध जी सपाट, किंचित उठावाची पट्टी दिसते ती त्या चार इंचांची. काकांच्या गाडीवरही ती आहे. मी तिच्यावरून हात फिरवला. एका माणसाचा शेवटच्या क्षणीचा हट्ट असा पत्र्यात जिवंत राहतो, हे मला फार आवडलं.

लॉर्ड नफिल्डला मात्र ही गाडी मुळीच आवडली नव्हती. पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते, असं तो म्हणाला होता. १९४८च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. डिसेंबर १९६०मध्ये दहा लाखावी मायनर तयार झाली. ब्रिटनमध्ये तयार झालेली दहा लाखांचा टप्पा गाठणारी ही पहिली गाडी. तो प्रसंग साजरा करायला कंपनीने साडेतीनशेच्या आसपास गाड्या चक्क जांभळट रंगात काढल्या. १९७१पर्यंत एकूण सोळा लाखांच्या आसपास मायनर तयार झाल्या.

दाईबाईंची गाडी

साठच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये मायनर कोण चालवायचं? घरोघर जाणाऱ्या परिचारिका, दाया, शाळामास्तर, पोस्टखातं, गस्तीचे पोलीस. खाजगी डामडौलापेक्षा लोकांच्या दाराशी जाणाऱ्या कामांची ही गाडी. काकांनीही ती एका निवृत्त होणाऱ्या दाईकडून घेतली. बाळंतपणाच्या रात्री थंडीत बॅटरी दगा देई, म्हणून त्या बाई बंपरच्या भोकातून हँडल घालून गाडी चालू करत. हँडल मारताना अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा; इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. हे त्यांनी काकांना शिकवलं आणि काकांनी मला.

मी हँडल मारलं नाही. किल्ली फिरवली. लगेच बॉनेटखालून टक् टक् टक् असा आवाज सुरू झाला. तो पेट्रोलच्या विजेवर चालणाऱ्या पंपाचा. कार्ब्युरेटर भरला की टकटक थांबते, मग किल्ली आणखी पुढे फिरवायची. १०९८ सीसीचं इंजिन पहिल्या फेरीतच लागलं. मीटर समोर नाही, डॅशबोर्डच्या मधोमध आहे. चारही चाकांना ड्रमब्रेक. थांबायचं असेल तर आधीपासून ठरवावं लागतं. उतारावर पाय उचलला की सायलेन्सरमधून तो प्रसिद्ध फडफडाट येतो, आणि रस्त्यावरचे म्हातारे लोक मान न वळवताच हसतात, कारण त्यांना न बघता कळतं कोणती गाडी आहे.

काकूंचा या गाडीशी काकांइतकाच संबंध आहे. मुलांच्या शाळेची ने-आण त्यांनीच या गाडीतून केली. "हीटर असून नसल्यासारखा. मी पोरांना गोधडी द्यायचे," त्या म्हणाल्या. ती गोधडी मिरजेहून आलेली, अजून मागच्या सीटवर आहे. गाडीबरोबर ती द्यायची नाही, हे मात्र ठरलेलं.

पत्रा आणि लांबी

१९८९मध्ये दाराखालच्या पेटीत बोट गेलं. वार्षिक तपासणीत गाडी नापास झाली. भंगारात काढायची किंवा मुळापासून उभी करायची, असे दोनच मार्ग होते. शेजारी काउलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांनी गाडी बघितली आणि वेल्डिंगचं सामान घेऊन आले.

पुढचे तीन हिवाळे गॅरेजमध्ये गेले. मायनरचं एक चांगलं आहे, पुढची-मागची मडगार्डं बोल्टांनी बसवलेली असतात, ती सोडवता येतात. पण सोडवली की खरी परिस्थिती उघडी पडते. आधीच्या कुणीतरी भोकांवर पत्र्याचे तुकडे चिकटवून वर लांबी भरलेली होती. आपल्याकडच्या गॅरेजांतही हा प्रकार आहे: ठोकायचे कष्ट टाळायचे, लांबीचा जाड थर लावायचा, घासायचं, रंग मारायचा. वर्ष-दोन वर्षं छान दिसतं. आत पाणी साठतं, पत्रा कुजत राहतो आणि फोड उठेपर्यंत मालकाला पत्ता नसतो. म्हणून जुनी गाडी घेताना लोक खिशात लोहचुंबक ठेवतात. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे.

शेजाऱ्यांचा नियम कडक होता. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, मगच नवा जोडायचा. दोन्ही पेट्या, फरशीचा पुढचा भाग, मागच्या पाट्यांचे हुक, सगळं नव्याने झालं. दाराखालची पेटी कापताना दारांच्या चौकटीत आडवी सळई घालून ती घट्ट बांधायची, नाहीतर गाडी मधूनच वाकते आणि पुन्हा दारं बसत नाहीत. हे काकांनी फोटो काढून ठेवलंय: हिरव्या गाडीच्या पोटात तात्पुरती सळई, बाजूला मफलर गुंडाळलेले दोन पुरुष.

सुट्या भागांचा प्रश्न कसा सुटला, हे मला महत्त्वाचं वाटतं. सोळा लाख गाड्या बनल्या आणि इंजिनाचं कुळ मिनीसकट कितीतरी गाड्यांत वापरलं गेलं, म्हणून भाग मिळत राहिले. बाथ शहरातल्या एका मायनरवेड्या व्यावसायिकाने या गाडीच्या दुरुस्तीवरच धंदा उभारला आणि पुढे श्रीलंकेत तिचे पत्र्याचे भाग तयार करवून घेतले. श्रीलंकेच्या रस्त्यांवर मायनर भरपूर होत्या आणि त्या ठोकून चालू ठेवणारे कारागीरही. इंग्लंडची आवडती गाडी टिकवायला दक्षिण आशियातले हात लागले, ही गोष्ट इथल्या मोटारींच्या गप्पांत फार कमी वेळा निघते. ती निघायला हवी.

नंतरची मोठी दुरुस्ती पेट्रोलमुळे. १९९९च्या अखेरीस इथे शिसंवालं पेट्रोल बंद झालं. जुन्या इंजिनांत शिसं व्हॉल्व्हच्या बैठकींना झीज होण्यापासून वाचवत असे. काकांनी हेड उतरवून कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेतल्या. २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं, ते जुन्या रबराला खातं. मग पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या. आपल्याकडे आता वीस टक्के इथेनॉल आहे. जुनी गाडी असणाऱ्या प्रत्येकाने बॉनेट उघडून नळ्या एकदा दाबून बघाव्यात. फुगलेली, चिकट किंवा तडे गेलेली नळी म्हणजे आगीला आमंत्रण.

किंमत

काकांकडे पावत्यांच्या दोन जाड फायली आहेत. काकूंनी एकदा बेरीज केली होती. ती सतरा हजार पौंडांच्या पुढे गेली. जाहिरातीत काकांनी मागितले साडेसहा हजार. मजुरीचा हिशेब धरलेलाच नाही, कारण ती त्यांची स्वतःची आणि शेजाऱ्यांची.

जुन्या गाडीत गुंतवणूक बघणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. लिलावगृहांत विक्रम करणाऱ्या गाड्या वेगळ्या; त्या मुळात थोड्या बनल्या, शर्यतीत धावल्या किंवा प्रसिद्ध माणसाच्या होत्या. मायनर सोळा लाख होत्या. तिचा जीर्णोद्धार विक्रीतून भरून येत नाही. तिच्यातही प्रतवारी आहे: लाकडी चौकटीची ट्रॅव्हलर आणि कापडी टपाची उघडी गाडी महाग, साधी सलून स्वस्त. म्हणूनच कुणी कुणी सलूनचं टप कापून उघडी गाडी बनवतात आणि मूळची म्हणून विकायला काढतात. ट्रॅव्हलरची मागची लाकडी चौकट शोभेची नसते, अ‍ॅश लाकडाची ती चौकटच मागचा भाग पेलते. ती कुजली की दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. इथलं सरकार खाजगी मोटारीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर घेत नाही, कारण मोटार ही झिजणारी वस्तू मानली जाते. मायनरवाल्यांना या सवलतीचा उपयोग क्वचितच होतो.

दुसरीकडे सरकारने अशा गाड्यांची वाट सोपी ठेवली आहे. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रस्ताकर पडत नाही. मे २०१८पासून, मोठे बदल केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. काका तरीही दरवर्षी गाडी तपासून घेतात. "मला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसावं," एवढंच त्यांचं म्हणणं. विकताना याच सवयीने सर्वांत जास्त काम केलं. तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो, मैलांसकट.

बघायला आलेली माणसं

जाहिरात शेवटी काकूंनी दिली. पहिला आला तो एक व्यापारी. फाइल उघडलीही नाही, निम्म्या किमतीचा आकडा बोलला आणि चहा न घेता गेला. नंतर एक जोडपं आलं. माणसं चांगली होती. त्यांना इंजिन काढून बॅटरी आणि मोटर बसवायची होती. इथे तशा मायनर बऱ्याच झाल्यात आणि शहरात त्या उत्तम चालतात. काकांनी त्यांच्याशी तासभर बोलून नकार दिला. जुन्या गाडीत वीज घालणं हा गुन्हा आहे असं मला वाटत नाही. गंजून पडण्यापेक्षा ते बरं. पण चालू स्थितीतलं, जपलेलं इंजिन त्यासाठी बाहेर काढणं पटत नाही. त्या कामाला इंजिन बिघडलेल्या मायनर पुष्कळ आहेत.

स्विंडनहून आलेली मुलगी बसच्या डेपोत मेकॅनिक होती. तिने रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. पुठ्ठ्यावर आडवी झाली आणि बराच वेळ खालून फक्त ठोकल्याचा आवाज येत राहिला. बाहेर येऊन तिने पुढची दोन्ही चाकं जॅकवर घ्यायला सांगितली, चाक वर-खाली धरून हलवलं, मग ग्रीसगन मागितली. निपलमधून नवं ग्रीस घातल्यावर जुनं बाहेर आलं ते बोटांवर चोळून तिने उजेडात धरलं. त्यात लोखंडाची चमक आहे का, हे ती बघत होती. नव्हती. मग तिने विचारलं, "ब्रेकचा मास्टर सिलिंडर शेवटचा कधी काढलात?"

काका एकदम खुलले. मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या पेटीत लपलेला असतो. तो काढणं हे या गाडीतलं सर्वांत वैतागवाणं काम. हे विचारणाऱ्या माणसाने एकदा तरी ते केलेलं असतं. २०१४ची पावती निघाली. दोघांचं बोलणं पुढे मला समजेनासं झालं. तिने सहा हजार दोनशे सांगितले, काकांनी मान डोलावली.

पैसे बँकेतून गेले. नोंदणीपत्राचं काम घरबसल्या संगणकावर झालं. त्या पत्रावर ठळक छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. गाडीची जबाबदारी कुणाकडे आहे एवढंच ते सांगतं. म्हणून काकांनी वेगळी पावती लिहिली, आणि तिच्यासोबत आठ पानं. त्यात होतं: थंडीत चोक किती ओढायचा, डावं दार कसं उचलून लावायचं, कोणत्या बोल्टला उलटे आटे पडलेत, गेडनच्या मोटार संग्रहालयातून गाडीच्या जन्माचा दाखला कसा मागवायचा. मला तर त्या सहा हजार दोनशेंतला मोठा भाग या आठ पानांचा वाटतो. पुढच्या दोन रविवारी ती मुलगी फक्त शिकायला आली. काकांनी स्टुलावर बसून सांगायचं, तिने करायचं.

आपल्याकडच्या गाड्या

हे सगळं बघताना मला मिरज-सांगली-कोल्हापूरकडची, पुण्यातल्या वाड्यांमधली, मुंबईच्या जुन्या सोसायट्यांतली कापडाखाली झाकलेली ऑस्टिन, हिलमन, स्टँडर्ड आणि लँडमास्टर आठवत होत्या. अशा घरांमध्ये गाडी असते, पण पेपर नसतात. पेपर असले तर ज्या मिस्त्रींनी ती वाढवली ते राहिलेले नसतात.

२०२१च्या जुलैत केंद्र सरकारने आपल्या मोटार नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी सोय केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली, मोठे बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, पुढच्या नूतनीकरणाचं ५ हजार. नोंदणी दहा वर्षांची. नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ब्रिटनपेक्षा आपला नियम कडक आहे: ही गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. मला ही अट जास्त वाटते. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. तरी नोंदणी करून घ्यावी, कारण कागद नसलेली गाडी पुढच्या पिढीला विकताही येत नाही आणि चालवताही येत नाही.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर या दिवाळीत तिच्यावरचं कापड काढा. आरसी बुक शोधा, चासी आणि इंजिन नंबर त्याच्याशी ताडून बघा. आणि गावात तिचे जुने मिस्त्री असतील तर त्यांना घरी बोलवा, चहा द्या, आणि ते जे सांगतील ते समोर बसून वहीत लिहून घ्या.